पायाच हलतोय... घ्यायचं का घर?

भाव परवडतोय, लोकेशन झकास, आईबाबा खूश. फक्त हॉलच्या भिंतीत एक तिरका तडा आहे. काळ्या मातीवरचं घर घेताना नेमकं काय बघायचं, कुणाला विचारायचं आणि 'नाही' कधी म्हणायचं?

समजा, तुम्ही पुण्यात जॉबला आहात. हिंजवडी, खराडी, कुठेही. आईबाबा कोपरगावात, भाड्याच्या घरात. बाबांची सगळी वर्षं नोकरीत आणि तुमच्या फी भरण्यात गेली, तेव्हा आता टर्न तुमचा! एफडी, थोडं सोनं, पीएफमधून काढता येतील तेवढे असं सगळं मिळून हाताशी दहा-बारा लाख जमलेत. आणि एका रात्री बाबांचा फोन येतो, 'अरे, एक रो-हाऊस बघितलंय. चाळीस म्हणतोय. तुझी आई तर तुळशीची जागासुद्धा ठरवून आली.'

शनिवारी तुम्ही गाडी काढता. नगर-मनमाड रोड (त्याबद्दल न बोललेलंच बरं) पार करून पोचता. घर खरंच छान आहे. पुढे अंगण, वर गच्ची, दोन बेडरूम, स्टेशन जवळ. आणि हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरका निघालेला एक तडा. एटीएम कार्ड आरामात आत जाईल एवढा.

एजंट तयारच असतो. 'काळी माती आहे ना साहेब, इथं सगळ्यांच्याच घरांना तडे असतात.'

गंमत अशी, की तो खोटं बोलत नाहीये. अर्धंच बोलतोय. उरलेलं अर्धं इसार देण्याआधी कळलेलं बरं.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे पूर्वापार दोन भाग. काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान् पिढ्या माणसं राहून, चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती साठून वस्तीची जमीन पांढुरकी व्हायची, म्हणून पांढरी. काळी पिकायला, पांढरी राहायला, असा सरळ हिशेब. त्यामागे मातीचं शास्त्र कुणी मांडलं होतं की नाही देव जाणे, पण हिशेब अगदी बरोबर होता.

कोपरगावचं जुनं गाव गोदावरीच्या काठचं. राघोबादादा पेशवे १७८३ मध्ये इथेच वारले, इतकं ते जुनं. पण गावाची वाढ झाली ती विसाव्या शतकात. नांदूर मधमेश्वरहून निघालेले गोदावरीचे कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले. मग शिर्डी वाढली, २०१७ मध्ये काकडीला विमानतळ सुरू झाला, २०२२च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. गाव पसरणार कुठे? शेतातच! म्हणजे आज तुम्ही जी 'प्राइम लोकेशन'ची कॉलनी बघताय, ती बहुधा काल-परवापर्यंत उसाचं रान होती. थोडक्यात, आपण आता काळीवर राहायला गेलोय.

त्यात बिघडलं काय? काळी माती ही आपल्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे पातळ पापुद्र्यांचे असतात. पाऊस आला की पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी जातं, माती आक्रसते आणि शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे दरवर्षी होतं. आपल्याकडच्या खोल काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटरपर्यंतचा थर असा ऋतूप्रमाणे हलतो, असं इंजिनीअर धरून चालतात. त्याच्या खालची माती बऱ्यापैकी शांत असते.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून भलेभले चकित होतात. अशा मातीवर हलकं घर जास्त त्रास देतं. तीन मजली इमारत आपल्या वजनाने फुगणाऱ्या मातीला थोडंफार दाबून धरते. एकमजली रो-हाऊसला माती सहज उचलते. आणि एकसारखं उचललं असतं तरी चाललं असतं! पण घराच्या कडेची माती पावसाने भिजते, मधली कोरडीच राहते. एक कोपरा वर, दुसरा जागेवर. तिरका तडा येतो तो असा.

सोय नाही असं मात्र नाही बरं का. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. जमिनीत खोल खांब आणि त्याच्या तळाशी खांबाच्या अडीच पट रुंद फुगवटा, म्हणजे हलणाऱ्या थराच्या खाली घराने पाय रोवून उभं राहायचं. मुंबई आयआयटीतल्या प्रा. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर मधे घालून फुगण्याला लगाम कसा घालता येतो, ते दाखवलं. गावातले जुने गवंडीही एवढं नक्की सांगतात, 'मुरूम लागेपर्यंत खोदा.' म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच. पाया किती खोल आहे आणि खाली मुरूम लागला होता का? ड्रॉइंग असेल तर मागा. 'बिल्डरने केलंय ना सगळं,' हे उत्तर धरू नका.

एटीएम कार्ड बाहेर काढा

आता तो तडा. घाबरण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं असेल तर ते गिलावा वाळतानाचं काम, पायाचा संबंध नाही. बीमच्या खाली सरळ आडवी रेघ असेल तर काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात म्हणून. उभी, पट्टीने मारल्यासारखी रेघ असेल तर आत पाइप किंवा वायरची खाच असू शकते. याला तुम्ही पुट्टी मारा आणि विसरा.

खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा, विटांच्या सांध्यांतून जिना उतरल्यासारखा उतरणारा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होत जाणारा तडा मात्र पायाकडे बोट दाखवतो. तोच तडा भिंतीच्या बाहेरच्या बाजूलाही, त्याच जागी दिसला तर नक्कीच. मापाला एटीएम कार्ड वापरा. एका कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर. ब्रिटनमध्ये इंजिनीअर जी वर्गवारी वापरतात, तिच्यात पाच मिलिमीटरपर्यंतचे, म्हणजे सहा-सात कार्डं मावतील इतपत तडे बहुतांशी दिसायला वाईट या सदरात येतात. पाच ते पंधरामध्ये दारं-खिडक्या अडकायला लागतात. त्यापुढे घराच्या मजबुतीचाच प्रश्न.

पण नुसत्या रुंदीवर जाऊ नका. घर आरसीसी फ्रेमचं असेल, तर छताचं वजन कॉलम पेलतात आणि मधली भिंत फक्त आडोसा असते. भिंतीला तडा आणि कॉलम-बीम धडधाकट, असं असेल तर जरा श्वास घ्या. घर लोड बेअरिंगचं असेल, तर तीच भिंत छत उचलून धरतेय. आणि रो-हाऊस म्हटल्यावर शेजारच्यांशी सामाईक भिंत आलीच! जरा ओळख काढून त्यांच्याकडे चहाला जा. तडा त्यांच्याकडेही पुढे गेलाय का, ते दिसेल. शिवाय शेजारी जे सांगतात ते एजंट जन्मात सांगणार नाही.

काही पुरावे घर स्वतःच देतं. दाराच्या खालच्या कडेला रंधा मारलाय का? लाकडी दार पावसाळ्यात तसंही फुगतं, पण लोखंडी चौकटीचं दार अडकत असेल तर चौकटच वाकडी झालीय. एकाच कोपऱ्यात ताजा रंग, बाकी हॉल जुना? हॉलच्या मध्यभागी एक गोटी ठेवा. ती आपोआप भिंतीकडे निघाली तर फरशी मधे वर आलीय. आपल्याकडे हे फार होतं. कारण पाया खणताना निघालेली काळी मातीच परत जोत्यात भराव म्हणून टाकतात. मुरूम आणायचे पैसे वाचतात आणि मग ती माती फरशी वर ढकलत बसते. हा खरं तर पायाचा रोग नव्हे, फरशी उकरून भराव बदलला की बरा होतो. पण हे घर घेण्याच्या आधी माहीत असलं, तर त्याचा खर्च तुम्ही किमतीतून वळता करू शकता.

पाणी कुठे मुरतंय?

काळ्या मातीवरच्या घरात हा प्रश्न अगदी शब्दशः विचारायचा. माती नुसती असते, तिला हलवतं ते पाणी.

कोपरगावात नळाला कित्येक वर्षं बऱ्याच दिवसांनी एकदा पाणी यायचं. साहजिकच घरोघरी जमिनीखाली साठवणीची टाकी. ती कुठे बांधतात? जोत्याला अगदी चिकटून, म्हणजे पाइप कमी लागतो! त्या टाकीला बारीकशी गळती असली, की घराचा एक कोपरा बाराही महिने भिजलेला. तेच शोषखड्ड्याचं. तेच गच्चीच्या पाइपचं, जो पावसाचं सगळं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी ओततो. उलट बाजूने, भिंतीला लागून मोठं झाड असेल तर त्याची मुळं मातीतलं पाणी शोषून तिला सुकवतात आणि तो कोपरा खाली बसतो. इंग्लंडमध्ये १९७६च्या दुष्काळात लंडनच्या चिकणमातीवरची हजारो घरं अशीच सुकून खचली आणि विमा कंपन्यांची झोप उडाली होती.

आणि शेजारच्या प्लॉटमध्ये अजून ऊस आहे का, ते बघाच. कालव्याच्या पाण्यावरचं रान वर्षभर ओलं असतं, त्या ओलीला तुमचं घर सरावलेलं असतं. उद्या त्या रानाचंही प्लॉटिंग झालं आणि पाणी बंद झालं, की तिथली माती पहिल्यांदाच नीट सुकणार. इतकी वर्षं शांत असलेलं घर तेव्हा कुरकुरायला लागू शकतं.

यात चांगली बातमीही आहे. पाण्याचं कारण सापडलं तर पुष्कळदा उपाय स्वस्त असतो. टाकीची गळती काढा किंवा टाकी लांब हलवा, पन्हाळीचं पाणी गटारापर्यंत न्या, घराभोवती दीड-दोन मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा घाला. अर्ध्याहून जास्त दुखणं इथेच थांबू शकतं. पायाखाली नवा पाया घालणं, ज्याला अंडरपिनिंग म्हणतात, ते फार पुढचं आणि महागडं प्रकरण. रो-हाऊसमध्ये तर शेजाऱ्याला सोबत घेतल्याशिवाय ते धड होतही नाही.

एक मे, एक ऑगस्ट

तडा किती मोठा आहे यापेक्षा तो अजून वाढतोय का, हे महत्त्वाचं. दहा वर्षांपूर्वी पडून गप्प बसलेला तडा आणि दर पावसाळ्यात हलणारा तडा, दोघांचे फोटो सारखेच येतात. म्हणून असं घर एका वीकेण्डला बघून ठरवूच नये. काळ्या मातीवरचं घर दोनदा बघायचं. एकदा मेमध्ये, जमीन पूर्ण सुकलेली असताना, आणि एकदा ऑगस्टच्या शेवटी. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. तड्यावर काचेची बारीक पट्टी आडवी ठेवून दोन्ही कडा प्लॅस्टर ऑफ पॅरिसने पक्क्या करा. भिंत हलली की काच तुटते. इतकं साधं!

'पण तोवर घर जाईल ना हातचं!' बरोबर, एजंटही हेच म्हणणार. यावर एक मार्ग आहे आणि तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आईबाबा तसेही भाड्यानेच राहताहेत ना? मग हेच घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या. नंतर ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा पर्याय लेखी ठेवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात आपोआप येतो. ज्या मालकाला आपल्या घराची खात्री आहे, तो यावर विचार तरी करेल. जो ऐकताक्षणी चिडला, त्याच्या चिडण्याचाही अर्थ लावा.

त्याच काळात स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनीअर नेमा. एजंटने सुचवलेला नको. त्याला जोत्याच्या दोन कोपऱ्यांपाशी खड्डे घेऊन पाया उघडा करून बघायला सांगा, मातीचे नमुने लॅबमध्ये द्या. कोपरगाव, लोणी, संगमनेर या तिन्ही ठिकाणी इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, त्यांच्या सिव्हिल विभागात चौकशी करता येईल. फुगण्याची प्राथमिक चाचणी गमतीशीर असते. दहा-दहा ग्रॅम कोरडी माती दोन नळकांड्यांत घ्यायची, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींच्या पातळीतला फरक बघायचा.

बँकेच्या माणसाने घर बघितलंय, मग काय टेन्शन? अहो, तो व्हॅल्युएशनला येतो. बाजारभाव, मंजूर नकाशा, बांधकामाचं वय बघून जातो. पाया खणून बघणं हे त्याचं कामच नाही.

कागदावर काय मिळतं?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि तुम्हाला सहज बघून कळणार नाही असा महत्त्वाचा दोष त्याने सांगायलाच हवा. यातली मेख लक्षात घ्या. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या तड्याबद्दल नंतर तक्रार करून फार काही हाती लागत नाही. म्हणून साठेखतात लिहून घ्या, की पायाची दुरुस्ती पूर्वी झाली आहे की नाही, कधी झाली, जागेत भराव आहे का.

घर अगदी नवं असेल तर रेरा मदतीला आहे. २०१६च्या या कायद्याच्या कलम १४प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं. पण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंतच असतील, तर प्रकल्पाची रेरा नोंदणी लागतच नाही. तालुक्याच्या गावातल्या रो-हाऊसच्या छोट्या स्कीम नेमक्या त्यातच बसतात. विम्याचंही तसंच. २०२१पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत जमीन खचल्याने झालेलं नुकसान धरलेलं आहे, मात्र नव्या बांधकामाचं नेहमीचं तडकणं-बसणं, भरावाची जमीन सरकणं आणि सदोष डिझाइन किंवा काम वगळलंय. आपल्या घराचं दुखणं बहुतेक वेळा वगळलेल्या यादीतच सापडतं.

आता पैशांचं. चाळीस लाखांच्या घराला तीस लाखांचं लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं. ईएमआय येतो साधारण २६ हजार. वरचे दहा लाख तुमचे, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनही तुमच्याच खिशातून. म्हणजे चावी मिळते त्या दिवशी बँक बॅलन्स जवळपास शून्य! आणि दुरुस्ती मागणार ती पहिल्याच पावसाळ्यात. म्हणून इंजिनीअरकडून दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या आणि त्याहून जास्त रक्कम किमतीतून कमी करून मागा. अंदाज चार लाखांचा असेल तर सहा मागा. खणल्यावर अंदाज खाली आला असं सहसा कुणी ऐकलेलं नाही.

बाबांना 'नाही' कसं सांगायचं

काही घरं मात्र कितीही स्वस्तात मिळाली तरी सोडायची. बुजवलेल्या विहिरीवर किंवा नाल्यावर उभं असलेलं घर त्यातलं पहिलं. उसाच्या रानात विहीर असणारच. ती कुठे गेली? एनए होण्याआधीचा जुना सातबारा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढा, त्यावर विहिरीची नोंद सापडू शकते. गटाच्या नकाशावर नाला दिसतो. आणि शेजारच्या रानातल्या एखाद्या आजोबांना विचारा, ते पाच मिनिटांत बोट दाखवून सांगतील. दुसरं, नदीकडेचं घर. २०१९च्या ऑगस्टमध्ये नांदूर मधमेश्वरमधून सुटलेल्या पाण्याने गोदाकाठाचं काय झालं, ते गावातल्या लोकांना आठवतं. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. घर कुठल्या रेषेत आहे हे आधी बघा. तिसरं, पावसाळाभर नजर ठेवूनही कारण सापडलं नाही आणि काच मात्र तुटली, असं घर.

अवघड भाग पुढेच आहे. बाबांना घर आवडलंय, आई तुळशीपाशी मनाने पोचलीय आणि तुम्ही पुण्याहून येऊन 'नको' म्हणताय. 'तुम्हाला शहरातल्या पोरांना सगळ्यात खोट दिसते,' हे वाक्य येणारच. तेव्हा इंजिनीअर बोलवाल त्या दिवशी बाबांनाही तिथे उभं करा. खड्ड्यात उतरून त्यांनीच बघू दे, पाया दोन फुटांवर संपलाय आणि खाली नुसती काळी माती आहे. तुमच्या एक्सेल शीटपेक्षा तो खड्डा त्यांच्याशी जास्त चांगलं बोलेल. शिवाय त्या घरात राहायचंय त्यांना. सत्तराव्या वर्षी, भर पावसात, न उघडणाऱ्या दाराशी झुंजायचंय तेही त्यांनाच. तुम्ही दोनशे किलोमीटरवरून फोनच करणार.

आणि सगळं तपासून, भाव पाडून घर घेतलंतच, तर पहिला खर्च टाकी, पन्हाळी आणि घराभोवतीच्या पट्ट्यावर करा. रंगाचं काम एवढ्यात काढू नका. तड्यावरच्या पेन्सिलच्या खुणा एक पूर्ण पावसाळा तशाच राहू देत. पेंटर दिवाळीच्या आधी नाही, नंतर बोलवा.